दिव्याच्या तेलासाठी हवेच्या दाबाचं झाकण: कॅनला चालतं, पिप्याला नाही

नवरात्र जवळ आलं की देवळांच्या आणि उत्सव मंडळांच्या कोठीत दिव्याच्या तेलाचे कॅन येऊन पडतात. घट बसल्यापासून नऊ दिवस ज्योत विझू द्यायची नाही, म्हणजे रात्री-बेरात्री तेल काढायचं. कोराडीसारख्या मोठ्या देवस्थानात अखंड ज्योती हजारांच्या घरात जातात, पण साध्या गावातल्या देवीपुढेही पन्नास-शंभर समया सहज असतात. पुढे कार्तिकात काकडा आणि मग त्रिपुरी पौर्णिमा. पस्तीस लिटरचा भरलेला कॅन तिरपा करून नरसाळ्यात ओतायला दोन माणसं लागतात, आणि फरशीवर सांडलेलं तेल पुढचा आठवडाभर पायाखाली राहतं. त्यासाठी बाजारात मिळणारं हवेच्या दाबाचं झाकण हा चांगला उपाय आहे. मात्र ते ज्या रूपात विकलं जातं, त्या रूपात ते अर्धवटच काम करतं. कुठे कमी पडतं आणि काय बदललं की नीट चालतं, ते इथे सविस्तर लिहितो.

रचना सोपी आहे. कॅनच्या तोंडावर घट्ट बसणारं झाकण, त्यात दोन भोकं. एका भोकातून हवा आत ढकलणारा पंप, दुसऱ्यातून तळापर्यंत गेलेली नळी, जी वर येऊन वाकते आणि बाहेर तोटीला मिळते. शिवाय हवा सोडायचा एक छोटा स्क्रू. आतली हवा तेलाला वरून दाबते आणि तेल नळीतून वर चढतं. चहाच्या टपरीवरचा पंपवाला थर्मास चालतो, तसंच. तेल पंपाच्या आत जातच नाही, त्यामुळे पंपाचं वायसर चिकट होत नाही आणि तेलात पंपाचं वंगण उतरत नाही. हा या पद्धतीचा खरा फायदा. लाल फुग्याच्या सायफन पंपात तेल फुग्यातूनच जातं आणि दाट तेलाने त्याचे दोन्ही पडदे एकाच हंगामात चिकटून बसतात.

दुकानात दोन प्रकार दिसतात. एक भात्याचा, वरून तळहाताने दाबायचा. दुसरा दट्ट्याचा, सायकलच्या पंपासारखा दांडा ओढायचा. पस्तीस लिटरच्या कॅनसाठी दट्ट्याचाच घ्या. कारण साधं आहे. चार सेंमी व्यासाचा आणि बारा सेंमी ओढीचा दट्ट्या एका खेपेला सुमारे १५० मिलि हवा देतो. लहान भाता त्याच्या निम्मीच देतो. भरलेल्या कॅनमध्ये वर पाचेक लिटर मोकळी जागा असते, तिथे ०.१ किलो प्रति चौरस सेंमी दाब आणायला अर्धा लिटर हवा पुरते, म्हणजे दट्ट्याच्या तीन-चार खेपा. तोच कॅन रिकामा होत आला आणि आत तीस लिटर जागा झाली की तितक्याच दाबाला तीन लिटर हवा लागते. दट्ट्याला वीस खेपा, भात्याला चाळीसच्या आसपास. «आधी चांगला चालायचा, आता पंप खराब झाला» अशी तक्रार बहुतेकदा याच टप्प्यावर येते. पंप खराब झालेला नसतो, हवेची जागा वाढलेली असते.

याच हिशेबातून दुसरी अडचण निघते, आणि तेल सांडायचं ते मुख्य कारण आहे. पंप मारणं थांबवलं तरी आत दाबलेली हवा पसरत राहते आणि तेल येत राहतं. कॅन भरलेला असताना असं उरलेलं तेल चारशे मिलिच्या आसपास येतं. कॅन तळाला गेला असताना सव्वा लिटरपर्यंत येतं, म्हणजे समईखालचं ताट भरून वाहील इतकं. म्हणून तोटीच्या तोंडाशी बंद करायची सोय हवीच. बाजारातल्या बऱ्याच झाकणांवर नुसती वाकडी नळी असते, तोटी नसतेच. अशा झाकणाला फिरवायची छोटी बॉल व्हॉल्व्हची तोटी किंवा नळी दाबून धरणारा चिमटा स्वतः बसवावा लागतो. नुसता हवेचा स्क्रू सोडून चालत नाही. नळीचं बाहेरचं टोक कॅनमधल्या तेलाच्या पातळीखाली असेल तर दाब गेला तरी सायफन चालू राहतो आणि कॅन हळूहळू रिकामा होतो. काम झालं की टोक वर उचलून कॅनच्या माथ्यापेक्षा उंच अडकवायचं. त्यासाठी झाकणावर आकडा असेल तर उत्तम, नसेल तर तारेचा करून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. तेल हळू येतं म्हणून माणसं जास्त जोराने पंप मारतात. हे चुकीचं आहे, आणि धोक्याचंही. तेल चढवायला दाब फारच थोडा लागतो. खाद्यतेलाच्या जातीचं दिव्याचं तेल एक मीटर उंच चढवायला ०.०९२ किलो प्रति चौरस सेंमी पुरे. कॅनच्या तळापासून नळीचं वळण साठ सेंमीवर असेल तर ०.०५५ (दाबाचे पुढचे आकडेही याच मापात). बाकीचा सगळा जोर नळीतून तेल ढकलण्यात जातो, आणि तिथे दाबापेक्षा नळीचं आतलं माप निर्णायक ठरतं. व्यास दीडपट केला की प्रवाह पाचपट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. झाकणासोबत येणारी नळी बहुधा आतून आठ मिमीची असते. एकूण दीड मीटर लांबीत, ०.१ च्या दाबाला, पंचवीस अंशाच्या तापमानात, तिच्यातून लिटरभर तेल यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तीच नळी बारा मिमीची केली की चाळीस सेकंद ते एक मिनिट. दाब दुप्पट करून हा फरक कधीच मिळत नाही. तेव्हा झाकण विकत घेतल्यावर पहिलं काम म्हणजे आतली आणि बाहेरची अशा दोन्ही नळ्या बदलणं. झाकणातला जोड आठ मिमीचाच असेल तर नुसती नळी बदलून पूर्ण फायदा होत नाही. जोडही बारा मिमीचा बसवावा, हार्डवेअरच्या दुकानात पितळी किंवा स्टीलचा मिळतो. मिळाला तर स्टीलचा घ्या. पितळेतल्या तांब्याने तेल लवकर खवट होतं आणि जोडाभोवती हिरवट चिकटा धरतो.

नळी कापताना खालचं टोक तिरपं कापा आणि तळापासून दोन सेंमी वर ठेवा. सरळ कापलेलं टोक तळाला टेकलं की चिकटून बसतं आणि माणूस उगाच पंप मारत राहतो. शिवाय तळाशी गाळ आणि पाणी असतं. पावसाळ्यात कॅनमध्ये ओलसर हवा जाते, रात्री गारव्याने तिचं पाणी होऊन तळाला बसतं, आणि ते पाणी दिव्यात गेलं की वात तडतडते. तळचे ते दीड-दोन लिटर शेवटी वेगळ्या भांड्यात ओतून, रात्रभर निवळू देऊन, वरचं तेवढं घ्यावं.

पिप्याबद्दल. पंधरा किलोच्या चौकोनी पत्र्याच्या पिप्यावर बसणारी झाकणंही विकली जातात. ती घेऊ नयेत. पिप्याची एक बाजू साधारण २३ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच, म्हणजे आठशे चौरस सेंमी. ०.१ चा नाममात्र दाब दिला तरी त्या एका बाजूवर ऐंशी किलोचा जोर पडतो. सपाट पत्रा तो पेलत नाही, पिप्याचं पोट फुगतं, मग कोपऱ्याची घडी किंवा तळाची कडा सुटते. गोल कॅन हाच दाब सहज घेतो, कारण गोल भिंत सगळीकडून सारखी ताणली जाते. पिप्यातलं तेल आधी कॅनमध्ये ओतून घ्यायचं आणि मगच झाकण लावायचं. कॅनही जाड भिंतीचा हवा. रसायनांचे निळे किंवा पांढरे कॅन जुन्या बाजारात मिळतात, पण आत पूर्वी काय होतं ते कळत नाही, म्हणून ते नकोत.

टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर या झाकणाला कधीही लावू नका. तो सात-आठ किलोपर्यंत दाब देतो. कॅनचं तोंड दहा सेंमी व्यासाचं असेल तर एका किलो दाबालाच झाकणावर ७८ किलोचा जोर येतो, आणि झाकण सुटलं तर ते सरळ वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर येतं. हाताच्या पंपानेही उत्साही पोरगा अर्ध्या किलोपर्यंत पोचवू शकतो. म्हणून दाब सोडणारा व्हॉल्व्ह लागतोच. ज्या झाकणावर तो नाही, ते निम्म्याच कामाचं समजा. घरी करायचा असेल तर झाकणाला दहा मिमीचं भोक, त्यावर तेल सोसणाऱ्या रबराची चकती आणि चकतीवर १५० ग्रॅमचं वजन, बाजूला सरकू नये म्हणून छोट्या नळीच्या तुकड्यात बसवलेलं. हे वजन ०.२ च्या आसपास दाबाला उचललं जातं आणि जास्तीची हवा फुस्सकन निघून जाते. कुकरची शिट्टी इथे चालत नाही. ती एक किलोच्या आसपास दाबाला उचलली जाते, तोवर कॅन फुगलेला असतो.

दाब मोजायला घड्याळवालं मीटर घ्यायची गरज नाही. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून भिंतीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक हवेच्या स्क्रूच्या जागी जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक म्हणजे ०.१ किलो. झाकण गळतं का, तेही यातच कळतं. रिकाम्या कॅनवर झाकण लावायचं, पन्नास सेंमी फरक येईपर्यंत पंप मारायचा आणि सावलीत दहा मिनिटं ठेवायचं. पाणी चार-पाच सेंमीहून जास्त उतरलं तर गळती आहे. मग झाकणाच्या कडेला, पंपाच्या बुडाला आणि दोन्ही जोडांना साबणाचा फेस लावा, बुडबुडा येईल तिथे दोष. बहुतेक वेळा दोष झाकणाच्या वायसरचाच निघतो.

वायसर हा या मालाचा सगळ्यात कच्चा भाग आहे. सोबत येतो तो साध्या काळ्या रबराचा. तेलात तो फुगतो, खाचेतून बाहेर येतो आणि झाकण तिरकं बसतं. नायट्राइल रबराची ओ-रिंग मागा, पंप-मोटर दुरुस्तीच्या दुकानात असते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावण्याची पद्धत गावोगाव आहे. वनस्पती तेलाला तो काही दिवस निभावतो, पण खनिज तेल मिसळलेल्या दिव्याच्या तेलात टिकत नाही. सिलिकॉनचं वायसर वनस्पती तेलाला ठीक, रॉकेलजवळ नाही. पारदर्शक पीव्हीसीची नळी स्वस्त पडते, पण तिच्यातला मऊपणा तेल शोषून घेतं आणि वर्षभरात ती काडीसारखी कडक होऊन जोडापाशी तडकते. पॉलियुरेथेनची नळी महाग असली तरी तीच लावावी. दट्ट्याचं वायसर चामड्याचं असेल तर त्याला दर पंधरा दिवसांनी दोन थेंब तेल द्या. कोरडं पडलं की दांडा हलका चालतो आणि हवा जात नाही. पंप आणि कॅनच्या मधला उलट-हवा रोखणारा व्हॉल्व्ह मात्र कोरडा आणि स्वच्छच ठेवायचा. दांडा आपोआप वर येत असेल तर समजा तो व्हॉल्व्ह धरत नाही, त्याच्या गोळीखाली कचरा अडकला आहे.

कुठलं तेल आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. तिळाचं, सोयाबीनचं किंवा बाजारातलं तयार दिव्याचं तेल या झाकणातून नीट चालतं. जवसाचं तेल आपल्याकडे अजून घरचं निघतं आणि दिव्यात वापरलंही जातं, पण ते हवेने सुकणारं तेल आहे. तोटीत आणि नळीच्या टोकाला राहिलेला थर आठवड्यात चिवट पापुद्रा होतो आणि एकदा पक्का झाला की धुऊन निघत नाही, खरवडावाच लागतो. जवसाचं तेल वापरायचंच असेल तर रोज शेवटी तोटीतून तेल पूर्ण निथळू द्या आणि नळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, नीट वाळवा, मगच परत लावा. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल असतं. ते थंडीत थिजून लोण्यासारखं होतं, त्याला हे झाकण उपयोगाचंच नाही. पाम तेल मिसळलेलं स्वस्त तेलही गोंदियाच्या पौष-माघातल्या पहाटे, पारा आठ-दहा अंशांवर आला की गढूळ होतं आणि नळीत अडतं. गढूळ न झालेलं तेलसुद्धा त्या थंडीत दुप्पट दाट असतं, म्हणजे लिटरला लागणारा वेळही दुप्पट. उपाय पंप मारणं नाही. कॅन रात्रभर घराच्या आतल्या खोलीत ठेवावा आणि त्या दिवशीचं तेल संध्याकाळीच काढून ठेवावं.

उन्हाळ्यात उलटं होतं. सकाळी पंचवीस अंशाला झाकण घट्ट लावून ठेवलेला कॅन टिनाच्या खोलीत दुपारी पंचेचाळीसला पोचला की आतली हवा तापून एकट्या तेवढ्यानेच सुमारे ०.०७ दाब तयार होतो. पाऊण मीटर तेल चढवायला तो पुरे आहे. त्यात तीस लिटर तेल स्वतः फुगून चारेकशे मिलि जास्त जागा घेतं, ते वेगळंच. तोटी थोडी जरी सैल असली तर कोणी हात न लावता कोठीत तेल पसरतं. चैत्र नवरात्रापासून पुढे सगळा उन्हाळा काम झालं की हवेचा स्क्रू उघडाच ठेवा, त्यावर बारीक कापड बांधा म्हणजे मुंग्या आणि धूळ आत जाणार नाही.

रॉकेलचा विषय वेगळा आहे आणि त्यात सूट नाही. कंदिलासाठी किंवा गॅसबत्तीसाठी रॉकेल साठवणाऱ्यांनी हे झाकण वापरू नये. भारतीय मानकात रॉकेलचा भडका घेण्याचा किमान बिंदू ३५ अंश आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतच त्याहून जास्त तापमान असतं, म्हणजे कॅनमधल्या रॉकेलवर पेट घेऊ शकणारी वाफ आधीच असते, आणि हा पंप तीत ताजी हवा भरतो. वनस्पती तेलाचा हाच बिंदू अडीचशे अंशांच्या वर आहे, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. गॅसबत्तीतही हवा दाबूनच रॉकेल चढवतात हे खरं, पण तिची टाकी जाड पितळेची, लहान आणि दोन किलोच्या आसपास दाबासाठीच बनवलेली असते. रॉकेल काढायला हाताचा सायफन घ्या, दिवा विझवून, उघड्या जागेत. तयार दिव्याच्या तेलाच्या काही डब्यांत हलकं खनिज तेल असतं. डब्यावर भडक्याचा बिंदू साठ अंशांखाली लिहिला असेल किंवा लिहिलाच नसेल, तर त्यालाही हाच नियम.

शेतात पडलेला जुना फवारणी पंप धुऊन तेलासाठी वापरण्याचा विचार करू नका. तो दोन-तीन किलो दाबाचा, बारीक नोझलचा, दाट तेलाला मुळातच अयोग्य. आणि त्याच्या टाकीच्या प्लास्टिकमध्ये आणि वायसरमध्ये औषध मुरलेलं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तेच औषध बंद गाभाऱ्यात दिव्यावर जाळण्याची जोखीम कोणी घेऊ नये. तसंच दिव्याच्या तेलाचं झाकण प्रसादाच्या स्वयंपाकघरातल्या तेलावर लावू नये. कॅनवर मोठ्या अक्षरात «दिव्याचे तेल, खाण्यासाठी नाही» रंगवून ठेवा.

जळत्या समईत तेल घालताना तोटी ज्योतीच्या वरून नेऊ नका, वातीच्या विरुद्ध बाजूने काठावर टेकवा आणि अर्धीच उघडा. बारा मिमीची नळी पूर्ण उघडली तर वात बुडून विझते. ज्योती पन्नासच्या वर असतील तर कॅन प्रत्येक दिव्यापाशी ओढत नेण्यापेक्षा दोन लिटरच्या चोचीच्या भांड्यात तेल काढून फिरणं सोपं, आणि कॅन ज्योतींपासून लांब कोठीतच राहतो. वीस लिटरच्या पाण्याच्या जारवर लावायची चार्जिंगची मोटर काही मंडळं तेलासाठी वापरतात. ती पाण्यासाठी बनलेली असते, दाट तेलात तापते आणि मंदावते. तिच्यापेक्षा हे हाताचं झाकण कितीतरी भरवशाचं.

विकत घेताना दुकानातच इतकं पाहा: झाकणाचे आटे तुमच्या कॅनच्या तोंडाला बसतात का, यासाठी कॅनचं जुनं झाकण सोबत न्या. पंपाचं हवेचं भोक बोटाने बंद करून दांडा खाली दाबला तर तो अडतो का. हवेचा स्क्रू हाताने फिरतो का, की पाना लागतो. पाना लागत असेल तर घेऊ नका, तेल वाहत असताना पाना शोधायला वेळ नसतो. दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे का. आणि वायसर, चामडी कप आणि नळी सुटी मिळते का, ते दुकानदाराला आधी विचारा, कारण अखंड ज्योतीच्या पाचव्या रात्री वायसर फाटलं तर तालुक्याचं दुकान उघडायला सकाळ व्हावी लागते. दोन ओ-रिंग आणि एक चामडी कप कॅनच्या मुठीला पिशवीत बांधूनच ठेवा.